पळण्याला काय काय म्हणतात

एका जंगलात, बाळांनो, शाळा एकच होती आणि तिच्यात जायला मात्र सगळेच निघाले होते.

नीट बसा. ही गोष्ट फक्त ऐकायची आहे, पाठ करायची नाही. शेवटी प्रश्न विचारणार नाही. हे ऐकून तुमच्यातल्या निम्म्यांचा रस गेला, ते मला इथून दिसलं. तरी सांगतो.

ही शाळा नदीपलीकडच्या टेकडीवर होती. तिचे मुख्याध्यापक होते एक गवा. त्यांना सगळे गवेसर म्हणत. शाळेभोवती करवंदीच्या जाळ्यांचं दाट कुंपण होतं आणि दारावर पाटी होती, ‘आत कुणी कुणाला खात नाही.’

पूर्वी गवेसर प्रवेशाला आलेल्या पिल्लांना पळून दाखवायला सांगत. तेव्हा सगळ्या जागा हरणं घेऊन जात. मग त्यांनी झाडावर चढून दाखवायला सांगितलं, तर वर्गात नुसती माकडं. अस्वलांनी मोर्चा काढला. पोहून दाखवायला सांगितलं तेव्हा तर गवेसरांच्या स्वतःच्या पुतण्याला प्रवेश मिळेना. मग मात्र विचार करणं भाग पडलं.

“आता कुणालाच काही करायला सांगायचं नाही,” गवेसर म्हणाले. “करण्याला काय काय म्हणतात, तेवढंच विचारायचं. ते कुणालाच येत नाही. म्हणजे सगळ्यांना सारखं.”

तेव्हापासून प्रवेश परीक्षेत फक्त क्रियापदांचे समानार्थी शब्द विचारू लागले. अन्याय संपला. सगळ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवण्याला आणखी काय म्हणतात ते शोधायला घरोघरी सुरुवात झाली.

या जंगलात एक भेकरीण राहायची. भेकर म्हणजे आपलं लहान चणीचं, भुंकणारं हरीण. तिला एकच मुलगी होती. पूर्वीच्या भेकरांत सोनी नाहीतर तांबडी अशी नावं असत, पण भेकरिणीने मुलीचं नाव ओवी ठेवलं होतं. नावापासूनच सुरुवात करावी लागते म्हणे.

ओवीचे बाबा मागच्या उन्हाळ्यात पाणवठ्यावर गेले ते परत आले नाहीत. जंगलात याहून जास्त कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

भेकरिणीला वाचता येत नव्हतं. पण शाळेच्या दारावरची पाटी तिला कुणीतरी वाचून दाखवली, आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. आत कुणी कुणाला खात नाही! तिला ओवी कलेक्टर व्हायला नको होती. तिला ओवी शिल्लक राहायला हवी होती. या जंगलात आईने याहून मोठं स्वप्न काय पाहायचं?

म्हणून तिने ओवीला साळिंदर सरांच्या क्लासमध्ये घातलं.

साळिंदर सरांचा क्लास वडाच्या ढोलीसमोर भरायचा. सकाळी गवत खाणाऱ्यांची बॅच, संध्याकाळी मांस खाणाऱ्यांची. दोन्ही बॅच एकत्र करून पाहिल्या होत्या, पण हजेरी कमी व्हायला लागली. सर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या पाठीवरचा एक काटा लिहायला देत. ज्याच्याकडे सरांचा काटा, तो हुशार, अशी जंगलात पद्धत पडली होती.

“परीक्षेत मुलं मार कुठे खातात?” सर पहिल्याच दिवशी म्हणाले. “घाई करतात. क्रियापद ऐकलं की ते करायला धावतात. असं करायचं नाही. क्रियापद कानावर पडलं की पाय पोटाखाली घ्यायचे, डोळे मिटायचे आणि समानार्थी म्हणायला लागायचं. पुन्हा सांगतो, पाय पोटाखाली!”

ओवीला हे जड गेलं. तिचे पाय फार चळवळे. पान हललं की पाय हलायचे. सर तिच्या गुडघ्यावर काटा टोचायचे. हळूहळू पान हललं तरी पाय हलेनात. आठवडे गेले, तसं फांदी मोडून पडली तरी हलेनात.

“प्रगती आहे,” सर भेकरिणीला म्हणाले.

घरीही उजळणी चालायची. भेकरीण कोवळा पाला समोर ठेवून म्हणायची, “ओवी, खा.”

ओवी पाय पोटाखाली घेऊन डोळे मिटायची. “खाणे. भक्षण करणे, सेवन करणे, ग्रहण करणे, फस्त करणे, मटकावणे...”

“अगं बाई, जेव आता.”

“जेवणे. भोजन करणे, आहार घेणे...”

पाला सुकून जायचा. ओवी वाळत चालली. पण भेकरिणीला ऐकून ऐकून सगळे शब्द पाठ झाले. गवत चघळताना ती स्वतःशीच पुटपुटायची, पोबारा करणे, काढता पाय घेणे. आयांचं असंच असतं. परीक्षा पोराची असते आणि पाठ आईचं होतं. तुमच्या आयांना विचारून पाहा. नको, आत्ता नको. गोष्ट संपू दे.

आता त्या जंगलात एक जुना रिवाज होता. नदीकाठी एक टिटवी राहायची. तिला धोका दिसला की ती ओरडायची, “पळा!” मग ज्याने त्याने जिथे असेल तिथून पळायचं आणि कशासाठी ते पलीकडच्या काठावर गेल्यावर विचारायचं. आधी पळायचं, मग विचारायचं. रिवाज साधा होता. त्याला क्लास लागत नसे.

एका सकाळी बिबटेसाहेब आपल्या मुलाला घेऊन बाहेर पडले. मुलाचं नाव शौर्य. तो साळिंदर सरांच्या संध्याकाळच्या बॅचला होता. बिबट्यांच्या घराण्यात पहिली शिकार पोरानेच करायची असते, बापाने पंजाही लावायचा नसतो. लावला, तर पोर जन्मभर कच्चं राहतं, असं ते मानतात. परीक्षा जवळ आली होती. एकदा निवड झाली की पोर टेकडीवर जाणार. त्याआधी एवढा संस्कार उरकून घ्यावा, म्हणून बिबटेसाहेबांनी त्या दिवशी त्याचा अभ्यास बुडवला होता.

टिटवीने त्यांना पाहिलं आणि ओरडली, “पळा! पळा!”

भेकरीण वडाच्या मागेच चरत होती. ती पळाली. ससे पळाले, चितळं पळाली, एक गोगलगाय होती तीही निघाली. सगळे पलीकडच्या काठावर धापा टाकत पोचले, तेव्हा भेकरिणीने मागे पाहिलं. ओवी नव्हती. क्लासमधलं एकही पोर नव्हतं.

काठावरून वड स्पष्ट दिसत होता. वडाखाली सगळी पिल्लं ओळीने, पाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून बसली होती. आणि एका सुरात म्हणत होती, “पळणे. धावणे, धूम ठोकणे, पळ काढणे, पोबारा करणे, पसार होणे, पलायन करणे, काढता पाय घेणे...”

साळिंदर सरांनी अंगावरचे सगळे काटे फुलवले होते, त्यामुळे ते सुरक्षित होते. “छान!” ते म्हणत होते. “कुणी विचलित झालं नाही. असंच वातावरण परीक्षा हॉलमध्ये असतं!”

भेकरीण तशीच पुन्हा पाण्यात शिरली. तिचं सगळं जग त्या ओळीत डोळे मिटून बसलं होतं.

बिबटेसाहेब ओळीसमोर येऊन उभे राहिले. इतकी सोपी शिकार त्यांच्या आजोबांनीही पाहिली नसेल. त्यांनी सगळ्यात वाळकं पोर निवडलं. पहिल्या दिवशी सोपा पेपर असावा. ती ओवी होती.

“शौर्य,” ते हळूच म्हणाले, “धर.”

शौर्यने पाय पोटाखाली घेतले आणि डोळे मिटले. “धरणे. पकडणे, गाठणे, ताब्यात घेणे, जेरबंद करणे...”

“अरे, मार तिला!”

“मारणे. ठार करणे, वध करणे, यमसदनी धाडणे...”

“गाढवा, निदान खा तरी!”

“खाणे,” शौर्य घडाघडा म्हणू लागला. “भक्षण करणे, सेवन करणे, ग्रहण करणे, फस्त करणे, मटकावणे, गट्ट करणे, ताव मारणे...” आणि तो अडला. त्याच्या मिशा थरथरायला लागल्या. “आणखी एक आहे. कालच झाला होता.”

ओवीने एक डोळा उघडला. समोर हातभर अंतरावर बिबट्याची दाढ. पण मुलगी अभ्यासाची होती, तिला राहवेना.

“फडशा पाडणे,” ती म्हणाली.

“हां! फडशा पाडणे!” शौर्य आनंदाने ओरडला.

बिबटेसाहेब बघतच राहिले. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. आपल्या पोराला खाण्याला इतके शब्द येतात? त्यांच्या सबंध घराण्यात कुणाला एकही येत नव्हता. सगळे नुसतेच खात आले होते. त्यांचे डोळे भरून आले.

“सर, निवड होईल ना?” त्यांनी विचारलं.

“शौर्यची होईल,” साळिंदर सर म्हणाले. “आणि ओवी तर आमच्या क्लासची आशा आहे.”

“ही? कुणाची मुलगी?”

एव्हाना भेकरीण नदी ओलांडून परत आली होती. मरायला आली होती. बिबट्यावर डोकं आपटावं, ओवीऐवजी मला ने म्हणावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण ‘क्लासची आशा’ हे शब्द तिच्या कानावर पडले आणि ती थबकली. तिने मान ताठ केली.

“माझी हो,” ती म्हणाली.

“अभिनंदन, ताई. फार हुशार आहे. पहाटे उठवता का?”

“उजाडायच्या आधीच. तुमचा?”

“आमचं रात्री चालतं. आमच्यात सगळंच रात्री. पण पोरगं पाठ केलेलं सकाळी विसरतं. हिचे वडील काय करतात?”

“नाहीत ते. मागच्या उन्हाळ्यात पाणवठ्यावर...”

बिबटेसाहेबांनी घसा खाकरला. “अरेरे. फार वाईट. बरं, तुम्ही सरावाला प्रश्नसंच कोणता वापरता?”

असं बराच वेळ चाललं. जाताना बिबटेसाहेबांनी ओवीच्या पाठीवरून नख्या आत घेऊन पंजा फिरवला आणि म्हणाले, “खूप मोठी हो.” त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं, यात शंका नाही. मग वाटेत दोनचार बेडकांवर भागवून बापलेक अभ्यासाला घरी गेले.

काठावर जमलेल्या पालकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच टिटवीकडे मोर्चा वळवला. क्लास चालू असताना ओरडते म्हणजे काय? मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे! टिटवी बिचारी म्हणाली, “मग मी काय ओरडू?” साळिंदर सरांनी सुचवलं की निदान उपयोगी पडेल असं ओरड, रोज नवा समानार्थी घे. पुढच्या आठवड्यात टिटवी ओरडली, “पलायन करावे!” एका म्हाताऱ्या रानडुकराला त्याचा अर्थ विचारायला थांबावं लागलं. तो परत दिसला नाही. पण तो परीक्षेला बसणार नव्हता, त्यामुळे क्लासच्या निकालावर परिणाम झाला नाही.

निकाल उत्तम लागला. ओवी आली, शौर्य आला. साळिंदर सरांनी दोघांच्या पावलांचे ठसे ढोलीसमोरच्या चिखलात उमटवून घेतले आणि त्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून दगड लावले. सर आता मागून थोडे बोडके दिसत होते, इतके विद्यार्थी वाढले होते.

भेकरीण ओवीला टेकडीवर पोचवायला गेली. दारापाशी तिने गवेसरांना विचारलं, “सर, आत खरंच कुणी कुणाला खात नाही ना?”

“पाटी आहे ना,” गवेसर म्हणाले. “आजवर ज्याला खाल्लं त्याने येऊन तक्रार केली, असं एकदाही झालेलं नाही.”

भेकरिणीला हायसं वाटलं. घाईत ऐकलं की वाटतं. तिने ओवीला चाटलं, पुन्हा चाटलं, आणि मागे न बघता उतार उतरून आली. घरी येऊन मात्र तिने ओवीच्या बसायच्या जागेवर तोंड ठेवलं आणि खूप रडली. पण ते रडणं सुखाचं होतं. पोर कुंपणाच्या आत होतं.

शाळेत गेल्यावर ओवीला एक गोष्ट कळली. तिथे कुणी काही विचारतच नव्हतं. पुढच्या परीक्षेची तयारी पुढच्या वर्षी सुरू व्हायची होती. तोवर सगळ्यांनी कुंपणाच्या आत बसून शाळेचा अभिमान बाळगायचा. जेवायलाही सगळ्यांना सारखंच, उकडलेला दुधीभोपळा. गवत खाणाऱ्यालाही तोच, मांस खाणाऱ्यालाही तोच.

आणि परीक्षेसाठी पाठ केलेलं परीक्षा झाल्यावर कुठे जातं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ओवीचे शब्द जायला लागले. आधी पलायन गेलं, मग पोबारा गेला. रोज काहीतरी गळायचं.

एका दुपारी ती सावलीत बसली होती. शौर्य तिच्या शेजारी येऊन बसला. त्याचं पोट खपाटीला गेलं होतं. तो बराच वेळ ओवीकडे बघत होता.

“ओवी,” तो म्हणाला, “खाण्याला काय काय म्हणतात गं?”

ओवीने आठवून पाहिलं. “मला नाही आठवत.”

“मलाही नाही,” शौर्य म्हणाला. “एकही नाही आठवत. नुसतं खावंसं वाटतंय.”

ओवीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. एक वाळकं पान हललं. आणि बाळांनो, खूप दिवसांनी ओवीचे पाय हलले.

ती पळाली. मनात एकही शब्द न आणता पळाली. शौर्यही तिच्या मागे सुटला. दोघांनाही हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी छान जमलं. करवंदीच्या जाळीतून ओवी अंग सोलवटून घेत पार झाली. शौर्यच्या नाकात काटे गेले, तो कळवळून मागे फिरला. ओवी उतार उतरली, नदीत शिरली, वडावरून गेली. साळिंदर सर ओरडले, “पाय पोटाखाली!” ती थांबली नाही.

भेकरिणीने तिला लांबून ओळखलं. पळणं बघून ओळखलं. अगदी बापासारखं पळत होती. ओवी येऊन आईच्या कुशीत कोसळली. तिचं काळीज धाडधाड उडत होतं आणि ते काळीज पोटाशी धरून भेकरीण म्हणत होती, “आहेस ना गं? आहेस ना? मग पुरे. मला काहीसुद्धा नको.”

“आई, तो मला खाणार होता,” ओवी म्हणाली. “पाटी खोटी आहे.”

भेकरिणीने ते नीट ऐकलं. तिला ते सगळं समजलं. हे तुम्ही लक्षात ठेवा.

थोड्या वेळाने शेजारची चितळीण आली. तिच्या पायाशी तिचं पाडस होतं, कैवल्य नावाचं. ठिपके अजून नीट उमटलेही नव्हते. पाठीमागे आणखी चार आया होत्या.

“भेकरीणबाई,” चितळीण म्हणाली, “ओवी पळून आली म्हणे शाळेतून? सगळीकडे बोलताहेत. झेपलं नाही का हो तिला? खरं सांगा. आमच्या कैवल्यला या वर्षी बसवायचा विचार आहे, म्हणून विचारते.”

भेकरिणीने तोंड उघडलं. खरं तिच्या जिभेवर होतं. एवढंसं वाक्य होतं. ते बोलली असती, तर कैवल्यने त्या दिवसापासून पाला खाल्ला असता आणि पानं हलली की पाय हलवले असते. पण चितळिणीच्या मागच्या आया एकमेकींकडे बघत होत्या. त्यातली एक हसली.

“पळून?” भेकरीण म्हणाली. “पळून कशाला येईल? परतली. आगमन झालं तिचं. तिची प्रगती बघून शाळेने तिला लवकर निरोप दिला.” शब्द भराभर येत होते. एकही विसरली नव्हती ती.

“आणि अंगावर हे ओरखडे?”

“खेळाचा तास असतो रोज. भारी शाळा आहे.”

“आई,” ओवी म्हणाली, “तो मला...”

“दमली आहे,” भेकरिणीने तिचं तोंड आपल्या मानेखाली दाबून धरलं. “थकली आहे. श्रमली आहे. जा तुम्ही.”

चितळीण गेली ती थेट वडाकडे. साळिंदर सरांनी पाठीवर शोधून शोधून एक काटा काढला आणि कैवल्यला दिला. “पाय पोटाखाली,” ते म्हणाले. कैवल्यने पाय पोटाखाली घेतले.

भेकरिणीला हे सगळं दिसत होतं. तिला वाईट वाटलं, बाळांनो. खूपच वाईट वाटलं. त्या दिवशी तिला घास गेला नाही. पण ती उठून वडापर्यंत गेली नाही.

तात्पर्य : समानार्थी शब्द मन लावून पाठ करावेत. जीव वाचवायला नुसते पाय पुरतात, अब्रू वाचवायला मात्र शब्दच लागतात.